आमवात, वॅगनआर आणि डावा अंगठा : ऑटोमॅटिक घेतल्यानंतरचे काही महिने

ज्यांचे सांधे धड आहेत त्यांच्यासाठी गाड्यांचे रिव्ह्यू ढिगाने पडलेत. त्यात पिकअप, बूट स्पेस, टचस्क्रीन किती इंचाची, सगळं असतं, पण किल्ली फिरवायला किती जोर लागतो किंवा हँडब्रेकचं बटण अंगठ्याला झेपतं का हे कोणीच सांगत नाही. म्हणून हे लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मला आमवात आहे (रुमेटॉइड आर्थ्रायटिस), बरीच वर्षं झाली. दोन्ही मनगटं, बोटांच्या मुळाचे सांधे आणि डाव्या अंगठ्याचा बुंधा हे माझे मुख्य दुखरे भाग, शिवाय डावा गुडघा झिजलाय ते वेगळंच. उजवा पाय अजून शाबूत आहे, आणि हे मुद्दाम आधीच सांगतेय कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. नाशिकला राहते, गाडी स्वतः चालवायची सवय पहिल्यापासून. जुनी गाडी मॅन्युअल होती आणि मॅन्युअल गाडी जुनी होत जाते तसा तिचा क्लच जड होत जातो, इकडे आपला गुडघाही जड होत जातो, मग द्वारका चौकात सिग्नलला अडकलं की घरी येईपर्यंत पाय सुजलेला. क्लच डाव्या पायाला असतोच, आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे म्हणून गिअरही डाव्या हाताला, म्हणजे माझी जी बाजू जास्त खराब तिलाच सगळी मजुरी. तेव्हा ऑटोमॅटिक हे ठरलंच होतं, प्रश्न होता कुठली.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधी सांगते. टेस्ट ड्राइव्ह सकाळी घ्या. शोरूमवाले संध्याकाळी बोलावतात, आपणही गोळी घेऊन, दिवसभर वावरून, हात जरा मोकळे झालेले असताना जातो आणि मग सगळ्याच गाड्या छान वाटतात. आमवातात सकाळचा जखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो, नुसत्या झिजेच्या दुखण्यात बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटतो. गाडी मात्र आपल्याला सकाळीसुद्धा काढावी लागते. मी शोरूमला सांगितलं की उघडल्या उघडल्या येणार आणि गाडी थंड असतानाच बघणार. एका ठिकाणी सेल्सचा मुलगा म्हणाला, "काकू, ऑटोमॅटिकमध्ये काही करावंच लागत नाही हो." मी म्हटलं, अरे बाबा, दार उघडायचं, बसायचं, बेल्ट लावायचा, किल्ली फिरवायची, हँडब्रेक काढायचा, एवढं झाल्यावर तुझं ऑटोमॅटिक सुरू होतं! तो बिचारा हसला, पण नंतर त्याने खरंच गाडी अर्धा तास माझ्या ताब्यात दिली. दुसऱ्या एका शोरूमने (नाव नको) चौकापर्यंत एक फेरी मारून किल्ली परत मागितली, तिकडे मी परत गेले नाही.

कुठल्या बघितल्या ते थोडक्यात. टियागो एएमटी (ऑटोमॅटिकचाच स्वस्त प्रकार, पुढे सांगते) चालवायला आवडली पण सीट माझ्यासाठी खाली, उठताना गुडघ्यावर भार येतो. क्विडमध्ये गिअरचा दांडा नसून गोल डायल आहे, दिसायला मस्त, पण चिमटीत धरून फिरवायची गोष्ट माझ्या बोटांची शत्रू, तुमचं दुखणं फक्त गुडघ्याचं असेल तर जरूर बघा. एमजी कॉमेट इलेक्ट्रिक, छोटीशी, पार्किंगला सोन्यासारखी, पण दारं दोनच आणि ती लांब, बसल्यावर हात लांब करून ओढून घ्यायची, खांदा नको म्हणाला. फ्रॉन्क्सचं टर्बो इंजिन टॉर्क कन्व्हर्टरसोबत (ऑटोमॅटिकचा मऊ चालणारा प्रकार) येतं आणि त्याला बटण स्टार्ट आहे, खरं सांगायचं तर हाताला सगळ्यात सुखाची तीच होती, मॅग्नाइटची सीव्हीटीसुद्धा (यात गिअरचे टप्पेच नसतात) लोण्यासारखी चालते, पण या दोन्हींना बजेट ताणावं लागत होतं आणि मला औषधांचाही खर्च बघायचा असतो.

शेवटी वॅगनआर 1.2 एजीएस घेतली, टॉप मॉडेल. एजीएस म्हणजे मारुतीचं एएमटी. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एएमटीत आतला गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअल गाडीचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम आपल्याऐवजी यंत्रणा करते. म्हणून स्वस्त पडतं, तेच मॉडेल मॅन्युअलमध्ये घेतलं तर साधारण 45-50 हजारांचा फरक. भारतात हे प्रकरण 2014 ला सेलेरिओपासून सुरू झालं.

वॅगनआर निवडायचं खरं कारण गिअरबॉक्स नाहीच, सीट आहे. गाडी 1675 मिमी उंच, त्यामुळे सीट अशा उंचीला येते की खाली बसावं लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही, ढुंगण नुसतं मागे टेकवायचं आणि पाय आत घ्यायचे. एसयूव्हीत चढायचं आणि सेडानमध्ये बुडायचं, दोन्ही गुडघ्याला वाईट. छत उंच असल्याने मान वाकवायला लागत नाही, हे ज्यांच्या मानेलाही त्रास आहे त्यांना कळेल. सीटवर मी जुन्या सिल्कच्या साडीचा तुकडा टाकायचे, त्यावरून अंग सरकतं आणि कमरेतून पिळ न देता वळता येतं, फिजिओथेरपिस्टने सांगितलेली युक्ती. पण वळून झालं की तो तुकडा काढून बाजूला ठेवायचा हं, ब्रेक मारल्यावर आपणच पुढे सरकायला नको. आता सवय झाली, लागत नाही.

गाडी दसऱ्याला घरी आली. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा (1200 सीसीपर्यंत आणि 4 मीटरच्या आत) जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, वरचा सेसही गेला, त्यामुळे आम्ही तेवढ्यासाठी थांबलोच होतो. याआधी हा 18 टक्क्यांचा दर 40 टक्के किंवा जास्त अस्थिव्यंगत्वाचं सर्टिफिकेट असलेल्यांना मिळायचा आणि त्यासाठी अवजड उद्योग मंत्रालयाकडे अर्ज करावा लागायचा. माझ्या ओळखीत आमवाताचे बरेच लोक आहेत ज्यांचे हात दुखून दुखून वाकडे झाले तरी टक्केवारीत बसत नाहीत. आता छोट्या गाडीपुरती ती भानगडच उरली नाही, हे एक बरं झालं.

तर आता वापर. डाव्या गुडघ्याला पहिल्या आठवड्यापासून आराम, त्याबद्दल दोन मतंच नाहीत. डावा पाय मात्र सुरुवातीला मागे, सीटखाली ओढून ठेवायचा, नाहीतर सवयीने क्लच शोधायला जातो, ब्रेकवर पडतो आणि गाडी खाडकन थांबते.

झटक्यांबद्दल सगळे विचारतात. एएमटी कुठल्याही कंपनीची असो, गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि डोकं किंचित पुढे हलतं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जास्त जाणवतं. अ‍ॅक्सिलरेटर सरळ दाबून न धरता गिअर बदलायच्या वेळी जरा सैल सोडला की बरंच कमी होतं, ते पायाला आपोआप कळायला लागतं. माझ्या मानेला या झटक्यांनी काही झालेलं नाही, पण ज्यांच्या मानेच्या मणक्यांत दुखणं उतरलंय त्यांनी सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरच घ्यावी असं माझं स्पष्ट मत, तिथे पैसे वाचवू नका.

आणि आता हँडब्रेक. ऑटोमॅटिक घेताना कोणी सांगत नाही की एएमटीला 'पी' नसतो, म्हणजे दांड्यावर आर (मागे), एन (न्यूट्रल), डी (पुढे) आणि एम (गिअर आपण बदलायचा) एवढंच. गाडी लावताना हँडब्रेक ओढायचाच आणि चढ-उतार बघून गिअरमध्ये ठेवून बंद करायची. म्हणजे क्लच गेला, गिअर गेला, पण डाव्या अंगठ्याने बटण दाबायचं काम राहिलंच, आणि माझा नेमका तोच अंगठा खराब. यावर उपाय सापडला तो असा की बटण थेट दाबायला जायचं नाही, आधी ब्रेकवर पाय घट्ट ठेवून दांडा तळव्याने थोडा वर उचलायचा, त्याने आतला खटका सैल होतो आणि मग बटण हलक्या हाताने आत जातं. वाईट दिवस असेल तर उजवा हात पण आणते, दोन्ही हातांनी काढते, मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक या किमतीत शोधत बसू नका, वरच्या गाड्यांत बघा आणि परवडत असेल तर तो एकच फीचर डोळे झाकून घ्या, सनरूफ गेला खड्ड्यात.

किल्लीचंही तेच. वॅगनआरला बटण स्टार्ट नाही, किल्ली फिरवूनच चालू करायची. चिमटीत धरून फिरवलं तर उजव्या अंगठ्यात कळ येते. मी किल्लीला एक जाड रबरी पकड बसवून घेतली, मुठीत मावते, मग अख्ख्या मनगटाने फिरते. बेल्टचं लाल बटण अंगठ्याने न दाबता तळव्याच्या टाचेने दाबायचं. डिकीच्या दाराला आतून एक कापडी पट्टा बांधलाय, तो ओढून खाली घेते. एकूण तत्त्व एकच, बोटाचं काम तळव्याला आणि तळव्याचं काम कोपराला द्यायचं. पेट्रोल भरायला पंपावर मुलं असतात हे आपलं नशीब, माझी बहीण अमेरिकेत आहे तिला थंडीत स्वतः नोझल धरावं लागतं.

स्टिअरिंग इलेक्ट्रिक असल्याने हलकं आहे पण रिम माझ्या हाताला बारीक, आणि बारीक गोष्ट धरायला मूठ जास्त आवळावी लागते. जाडसर कव्हर घातलं, फरक लगेच कळला. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो त्या दिवसांत सकाळी स्टिअरिंग बर्फ असतं, कव्हरमुळे तेही सुसह्य झालं, वर लोकरीचे अर्ध्या बोटांचे हातमोजे. स्टिअरिंगला लावायचा गोल नॉब पण मिळतो ऑनलाइन, मला तो पटला नाही, सगळा भार एकाच मनगटावर येतो.

आता उजव्या पायाचं. ऑटोमॅटिकने डाव्या पायाची सुटका होते पण ट्रॅफिकमधलं सगळं काम उजव्यावर येतं. डी मध्ये ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकते, छान आहे, पण थांबलेलं असताना तीच गाडी धरून ठेवायला ब्रेक दाबून बसावं लागतं. सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिकभर रस्ते उकरलेत, दहा-दहा मिनिटं एका जागी. तेव्हा मी एन करून हँडब्रेक ओढते, म्हणजे घोट्याला आराम आणि अंगठ्याला शिक्षा, त्या दिवशी कोण जास्त दुखतंय त्यावर ठरवायचं. चढावर थांबलात तर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, एएमटीचा क्लच तापतो आणि झिजतो, मॅन्युअलसारखाच तोही कधीतरी बदलावा लागतो. हिल होल्ड आहे, ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी मागे येत नाही, तेवढ्यात निघायचं.

नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढवलाय. डी मध्ये ठेवली तर वळणावर नेमका नको तेव्हा गिअर बदलते, एम मध्ये घेऊन दुसऱ्यात ठेवली की शांतपणे चढते. उतरतानाही एमच, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेकवर कमी पाय लागतो. मुलीकडे ठाण्याला जाताना पूर्वी कसारा घाटात ट्रकच्या मागे रखडायचं, जून 2025 पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यावर घाट टळतो. पण क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) नाही, उजवा पाय सतत एकाच कोनात राहतो आणि घोटा आखडतो, म्हणून समृद्धीवर चढायच्या आधीच इगतपुरीला थांबून पाच मिनिटं चालून घेते. महिन्यातून अनेकदा लांब जाणार असाल तर क्रूझ असलेली गाडी बघा.

अ‍ॅव्हरेज गावात 15-16, हायवेला 20 च्या पुढे. कंपनी 24 च्या वर सांगते, ते टेस्टमधलं. हायवेला वाऱ्यात उंच गाडी थोडी हलते, ट्रक ओलांडताना सावध राहावं लागतं, आणि इंजिन गर्जवत झटक्यात ओव्हरटेक करायची सवय असेल तर ही गाडी तुमची नाही. माझी गरज दवाखाना, भाजी, भजनी मंडळ आणि ठाणे.

चालवावं की नाही हे रोज बघते. बसल्यावर, गाडी चालू करायच्या आधी, ब्रेक एकदा जीव खाऊन दाबून बघायचा. दुखेल म्हणून पाय जरा जरी कचरला तर उतरून रिक्षा. ज्या वेदनाशामकांनी गुंगी येते ती घेतली असतील तरी रिक्षा. आमच्या ह्यांना गाडी येते पण ते मॅन्युअलवर शिकलेत, अजून डाव्या पायाने क्लच शोधतात, त्यामुळे रिक्षाच बरी.

उजवा गुडघा किंवा उजवा घोटा गेलेल्यांना मात्र माझ्या अनुभवाचा फारसा उपयोग नाही, त्यांचा अर्धाच प्रश्न ऑटोमॅटिकने सुटतो, हाताने चालवायच्या अ‍ॅक्सिलरेटर-ब्रेकच्या जोडणीबद्दल आधी आरटीओत विचारा, कारण ती गाडीच्या आरसीवर आणि लायसन्सवरही नोंदवावी लागते. आणि पंचावन्न ओलांडलेल्यांनो, लायसन्स आता पाचच वर्षांचं मिळतं, सोबत डॉक्टरचा फॉर्म 1ए लागतो, तेव्हा गाडी बुक करायच्या आधी तारीख बघून घ्या.