२० केव्हीचा कपॅसिटर चार्जर: काही महिने वापरल्यावर (आणि एकदा उडाल्यावर)

हाय व्होल्टेजचे कपॅसिटर भरणारा हा सप्लाय. स्पेक्स एवढेच, २० केव्ही (किलोव्होल्ट), ८ किलोज्यूल प्रति सेकंद म्हणजे ८ किलोवॉट, कॉन्स्टंट करंट (भरताना करंट एकसारखा), त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. आउटपुटचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) गेले आणि कंपनी म्हणते वॉरंटीत बसत नाही, कारण काय तर व्होल्टेज रिव्हर्सल, म्हणजे कपॅसिटरवरचं व्होल्टेज उलटं होणं.

आता बघा, बँक (कपॅसिटरचा संच) १ मायक्रोफॅरडची, म्हणजे फुल चार्जला २०० ज्यूल, डिस्चार्जच्या लूपचं इंडक्टन्स साधारण २०० नॅनोहेन्री. लोड (ज्यात ही ऊर्जा सोडतो ते) मॅच्ड, म्हणजे सगळी ऊर्जा त्यातच जिरते असा, असेपर्यंत काहीच त्रास नव्हता. पण लोडमध्ये कधीतरी आर्क होऊन शॉर्ट होणारच, पल्स्ड पॉवरमध्ये (साठवलेली ऊर्जा एका झटक्यात सोडण्याच्या कामात) हे ठरलेलंच आहे. शॉर्ट झाला की सर्किट रिंग व्हायला लागतं, म्हणजे करंट पुढे-मागे हेलकावतो, पीक करंट ४५ किलोअँपिअरच्या आसपास, आणि दीड मायक्रोसेकंदाच्या आत कपॅसिटर उलटा भरतो. तो उलटा झाला की चार्जरचा आउटपुट ब्रिज (त्याच डायोडचा) फॉरवर्ड बायस, म्हणजे करंटला रस्ता मोकळा, मध्ये करंट अडवायला केबलशिवाय काही नाही. मग डायोड टिकणार कसे?

उपाय म्हणजे चार्जर आणि बँकेच्या मध्ये एक सिरीज रेझिस्टर. फक्त एक! २०० ओहम धरा, रिव्हर्सल १६ केव्हीपर्यंत गेलं तरी करंट ८० अँपिअरच्या वर जात नाही. चार्जिंगचा करंट ०.८ अँपिअर, म्हणजे रेझिस्टरमध्ये १२८ वॉट, ८ किलोवॉटमधले दोन टक्केही नाहीत. एवढी गोष्ट आतच बसवून द्यायला काय हरकत होती? मॅन्युअलमध्ये लिहिलंय म्हणे. लिहिलंय, परिशिष्टात, तळटीपेत, एक ओळ, किती ओहम ते नाहीच. मेलवर मेल केल्या, दरवेळी तीच ओळ कॉपी करून पाठवतात, शेवटी दुरुस्तीचे पैसे भरायला लावलेच.

लिहायला बसलो तेव्हा सरळ ‘घेऊ नका’ म्हणणार होतो. पण दुरुस्त होऊन आल्यावर रेझिस्टर लावून चालवतोय, आणि चार्जिंगला खरंच तोड नाही. आधी साधा डीसी सप्लाय आणि रेझिस्टर असायचा, त्यात कितीही ओहम लावा, कपॅसिटरमध्ये जेवढी ऊर्जा साठते तेवढीच रेझिस्टरमध्ये जळते, म्हणजे निम्मी वीज खोली तापवायला. इथे २५ मिलिसेकंदांत बँक फुल, ऑसिलोस्कोपवर व्होल्टेजचा रॅम्प पट्टीने आखल्यासारखा सरळ.

रेझिस्टर वायरवाउंड घेऊ नका, पल्सला वेढ्यावेढ्यांत स्पार्क होतो, भरीव सिरॅमिक-कार्बनचा घ्या. आणि डिस्प्लेवर शून्य दिसलं म्हणून बँकेला हात लावायचा नाही, चार्जर स्वतःच्या टोकाचं व्होल्टेज दाखवतो, मधला रेझिस्टर ओपन झाला (आतून तुटला) तर बँक भरलेलीच राहते. डिस्चार्ज केल्यावरसुद्धा डायइलेक्ट्रिकमधला चार्ज हळूहळू परत वर येतो, त्यामुळे बँकेची दोन्ही टोकं जोडणारी शॉर्टिंग वायर लावूनच ठेवायची.

घेणार असाल तर कोटेशन मागतानाच विचारा, किती टक्के रिव्हर्सल चालतं आणि सिरीज रेझिस्टर किती ओहमचा. उत्तर फोनवर नको, लेखी घ्या.