किडीची तीन छिद्रं आणि ३,८५० पौंड

एका नकली आरशाला ३,८५० पौंड. आकडा आधीच सांगते, म्हणजे लाज एकदाच वाटेल. घरपोच आणायचे १२० वेगळे.

एकोणीस वर्षं इंग्लंडमध्ये काढली आहेत, जुन्या वस्तूंच्या बाजारात दर महिन्याला जाते. म्हणजे काल विमानातून उतरलेली नाही मी. रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातल्या नक्षीदार शैलीचा, आरसा कसा असतो ते मला माहीत होतं: चौकट पाइनच्या लाकडात कोरलेली, वर खडू-सरसाचे थर, त्यावर लाल मातीचा हात आणि मग सोन्याचा वर्ख. शिंपल्यासारखी वळणं, लांब चोचीचे पक्षी. चिपेंडेल या इंग्रज फर्निचर-कारागिराने १७५४ साली नमुन्यांचं पुस्तक काढलं, त्यातलेच वाटावेत असे. विकणारा साठीचा, सभ्य. आत्याचं घर रिकामं करतोय, दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे वगैरे. पुढची गोष्ट तुम्हाला पाठच असेल.

पण खरी चीड येते ती माझीच. डावीकडच्या फुलाच्या पाकळीवर किडीची तीन छिद्रं होती, शेजारी एक चीर. उजवीकडच्या फुलावरही तीन छिद्रं, तीच चीर, त्याच जागी. किडा काय माप घेऊन जेवायला बसतो? आणि मी हे पाहिलं होतं. पाहिलं, आणि वर त्यालाच म्हणाले, "किती हुबेहूब कोरलंय!" तो हसला. हाताने कोरलेली दोन फुलं इतकी सारखी निघत नाहीत, हे कुणाला कळत नाही? पण वर्ख असा चमकत होता, की त्या दिवशी कुणीही भुललं असतं.

महिन्याभरात भिंतीवरून निसटून कोपरा तुटला. आत लाकूड नाही, पांढरट रेझिन, प्लास्टिकसारखं. जाणकाराला दाखवला: साच्यात ओतलेला, वर पितळी भुकटीचा रंग, किंमत फार तर २०० पौंड. खरेदीआधी मागची बाजू बघा हो! मी त्याला आरसा उलटा करायलाही लावला नाही.

पावतीवर लिहिलंय, 'जॉर्ज दुसरा शैली'. म्हणजे त्या राजाच्या काळातला नव्हे, नुसता त्या धर्तीचा. तोंडाने 'अस्सल', कागदावर 'शैली'. त्या एका शब्दावर पोलीस म्हणाले, ही दिवाणी बाब. ऑनलाइन तक्रारीचा फॉर्म भरायला ४० मिनिटं लागली, मिळाला एक क्रमांक, आणि सहा आठवड्यांनी पत्र: तपास होणार नाही. ग्राहक मदतीच्या फोनवरची बाई म्हणाली, विक्रेत्याला लेखी कळवा. कुठे कळवू? फोन बंद, पत्ता पार्सल ठेवायच्या दुकानाचा. बाजार भरवणारे म्हणतात, आम्ही फक्त जागेचं भाडं घेतो. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पाठवले, कारण त्याचं कार्ड मशीन 'बिघडलं' होतं. क्रेडिट कार्डाने दिले असते, तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली १०० ते ३०,००० पौंडांच्या वस्तूसाठी कार्ड कंपनीलाही धरता आलं असतं. मशीन बिघडलंय म्हणाला की तिथून निघा.

गेल्या रविवारी दुसऱ्या बाजारात तसाच आरसा दिसला. माणूस वेगळा, किंमत ४,२०० पौंड. जवळ जाऊन फुलं पाहिली. तीन छिद्रं. फोटो काढला आणि त्याच तक्रार क्रमांकावर पाठवला. अजून उत्तर नाही.