वजनदार चालकाने घरी ठेवावा असा हवेचा पंप

टायरमध्ये हवा भरण्याचे बॅटरीवर चालणारे, हातात मावणारे पंप सध्या दोन-अडीच हजार रुपयांच्या आसपास मिळतात. त्यांपैकी एक गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या इंदूरच्या घरी वापरात आहे. ब्रँडचे नाव देण्यात फारसा अर्थ नाही, कारण याच बांधणीचे, याच पडद्याचे आणि जवळपास याच आवाजाचे पंप बाजारात अनेक नावांनी विकले जातात. हे परीक्षण मात्र एका विशिष्ट बाजूने लिहिले आहे. माझे वजन १०४ किलो, माझ्या पुतण्याचे ५८, आणि रामबागेतल्या आमच्या घरात एकच १५० सीसीची मोटरसायकल आम्ही दोघे आळीपाळीने चालवतो. चालकाच्या वजनाप्रमाणे हवेचा दाब ठरवायचा असेल तर असा पंप किती उपयोगी पडतो, एवढाच प्रश्न मी येथे तपासला आहे.

पंपाकडे वळण्याआधी चेनकव्हरवरच्या स्टिकरकडे पाहणे आवश्यक आहे, कारण तो वाचल्याशिवाय कोणताही पंप निरुपयोगी आहे. आमच्या गाडीच्या स्टिकरवर पुढच्या टायरसाठी २५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचे एकक), मागच्या टायरसाठी एकट्या चालकाला २८ आणि डबलसीटला ३२ पीएसआय असे आकडे छापलेले आहेत. पुढचा आकडा दोन्ही वेळा तोच राहतो आणि मागचा बदलतो, यातच सगळे मर्म आहे. मागे बसणाऱ्याचा जवळजवळ सगळा भार मागच्या चाकावर येतो. चालकाच्या वजनाचाही मोठा वाटा, सरळ बसून चालवायच्या गाड्यांवर ढोबळमानाने दोन तृतीयांश, मागेच जातो. पंक्चरवाला किंवा पेट्रोल पंपावरचा मुलगा हे विचारत नाही, आणि विचारावे अशी अपेक्षाही कोणी करत नाही. आपण ‘भैया, पीछे अट्ठाईस’ म्हणालो तर तो अठ्ठावीस भरतो, काहीच म्हणालो नाही तर पस्तीस किंवा चाळीस भरून मोकळा होतो.

आता अडचण अशी की ‘एकटा चालक’ म्हणजे कोण? वाहनांच्या मोजमापात चालकाचे वजन साधारणपणे ७५ किलो धरण्याची पद्धत आहे. माझ्यासारखा माणूस त्या हिशेबात एकट्यात बसत नाही आणि डबलसीटमध्येही बसत नाही. म्हणून मी कागदावर साधे गणित मांडले. टाकी भरलेल्या गाडीचे वजन सुमारे १५० किलो, त्यातले निम्मे मागच्या चाकावर, म्हणजे ७५. त्यात ७५ किलोच्या चालकाचे दोन तृतीयांश, म्हणजे ५० किलो मिळवले की मागच्या टायरवर १२५ किलो भार होतो, आणि त्यासाठी २८ पीएसआय दिलेले आहेत. साठ किलोचा माणूस मागे बसला तर हाच भार १८३ किलोच्या घरात जातो आणि त्यासाठी ३२ पीएसआय दिलेले आहेत. मी एकटा बसतो तेव्हा मागच्या टायरवर १४५ किलोच्या आसपास भार येतो, लॅपटॉपची जड बॅग असेल तर १५०. म्हणजे मी या दोन आकड्यांच्या मध्ये, पण पहिल्याच्या जवळ आहे, आणि मला साडेएकोणतीस ते तीस पीएसआय योग्य ठरतात. पुतण्या बसतो तेव्हा भार ११४ किलोपर्यंतच राहतो, त्याला २८ पुरेसे आहेत. हे गणित ढोबळ आहे, पण ‘जाड माणसाने सरळ चाळीस भरावे’ या सर्वत्र ऐकू येणाऱ्या सल्ल्यापेक्षा ते नक्कीच बरे आहे.

या दीड-दोन पीएसआयने काय बिघडते, असे कोणी विचारेल. टायर रस्त्याला जेवढ्या जागेत टेकतो ती जागा, टायरच्या रबराचा स्वतःचा ताठपणा बाजूला ठेवला तर, भार भागिले दाब एवढी असते. २८ पीएसआय म्हणजे जवळपास १.९७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पुतण्याच्या ११४ किलोला त्या दाबावर सुमारे ५८ चौरस सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे पोस्टकार्डाच्या निम्म्याहूनही थोडी कमी. माझ्या १४५ किलोला ७४ लागते. ही वाढलेली जागा टायर चपटा होऊनच मिळते. चपटा झालेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडतो, दुमडल्यामुळे तापतो, आणि तापलेले रबर लवकर झिजते. शिवाय भार नक्षीच्या मधल्या पट्ट्यावरून दोन्ही कडांकडे सरकतो. म्हणूनच कमी हवेवर वजनदार माणसाने चालवलेल्या गाडीचा मागचा टायर कडांकडे घासलेला आणि मध्ये मात्र नक्षी शिल्लक असलेला दिसतो. उलट चाळीस पीएसआय भरून फिरणाऱ्यांचा टायर मध्ये एका पट्टीत गोटा होतो आणि कडा नव्यासारख्या राहतात. सरळ रस्त्यावरच्या रोजच्या ये-जा करण्याने मधला भाग थोडा लवकर सपाट होतोच, त्यामुळे दोन्ही प्रकार ओळखताना घाई करू नये. नखाने किंवा टायरच्या खाचांमधल्या झीज-खुणेने मधला आणि कडेचा खोलवा वेगवेगळा पाहावा. दुचाकीसाठी ही खूण ०.८ मिलिमीटरची असते, आणि नक्षी खुणेच्या पातळीला आली की टायर बदलायचा.

वजन जास्त असेल तर हवा अगदी बरोबर ठेवूनही मागचा टायर लवकर झिजणार, हे मात्र मान्य करायला हवे. वेग घेताना वाढलेले वस्तुमान पुढे ढकलायला रबराला जास्त ओढ द्यावी लागते आणि ब्रेक लावताना तेच वस्तुमान थोपवावे लागते. पंप हे कमी करू शकत नाही. तो कडांची अवेळी झीज आणि अनावश्यक उष्णता टाळतो, इतकेच.

आता पंपाची परीक्षा. पहिली गोष्ट मी तपासली ती अशी की माणूस गाडीवर बसल्यावर टायरमधला दाब किती वाढतो. बऱ्याच जणांना तो चांगलाच वाढत असेल असे वाटते, आणि म्हणून ‘मी बसल्यावर हवा आपोआप वाढते, आणखी कशाला भरायची’ असा युक्तिवाद मी ऐकला आहे. मेन स्टँडवर मागचे चाक हवेत असताना पंपाची नळी जोडून आकडा पाहिला, नंतर पुतण्याने गाडी सरळ धरली आणि मी बसलो. पडद्यावरचा आकडा जेमतेम अर्ध्या पीएसआयने हलला. कारण उघड आहे: टायर खाली थोडा चपटा होतो, पण आतली एकूण पोकळी फारशी लहान होत नाही, म्हणून दाबही फारसा वाढत नाही. वाढतो तो टेकण्याचा भाग. तुमचे वजन गेजला कळत नाही, ते तुम्हीच लक्षात ठेवून आकडा निवडायचा असतो.

अचूकतेच्या बाबतीत पंप ठीक आहे, उत्तम नाही. वेगळ्या डायल गेजशी ताडून पाहिले असता नळी लावलेली असताना पडदा साधारण एक पीएसआय जास्त दाखवतो, आणि नळीचे टोक आट्यांवरून फिरवून काढताना थोडी हवा निसटते ती निराळी. मोटारीच्या मोठ्या टायरमध्ये एवढी हवा जाणवतही नाही, पण दुचाकीच्या लहान टायरमध्ये जाणवते. दोन्ही मिळून ३० हवे असतील तर ३१ किंवा साडेएकतीस लावावे लागतात. हा फरक प्रत्येक वेळी जवळपास तेवढाच राहतो, आणि माझ्या मते घरगुती वापरात हेच महत्त्वाचे आहे. पेट्रोल पंपावरच्या यंत्रांत हा सारखेपणा मला मिळाला नव्हता, शिवाय तिथे पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो. स्टिकरवरचे आकडे थंड टायरसाठी आहेत. गरम टायरमध्ये भरलेले ३० रात्री थंड झाल्यावर ३० राहत नाहीत. घरचा पंप विकत घेण्याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे.

इंदूरच्या हवामानात हा मुद्दा आणखी वजन घेतो. दर दहा अंश सेल्सिअसला दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. मे महिन्यात पहाटे आणि दुपारी पारा बारा-पंधरा अंशांनी वेगळा असतो, आणि मे महिन्याच्या पहाटे भरलेली हवा डिसेंबरच्या थंडीत दोनेक पीएसआयने खाली येते, शिवाय टायरमधून हळूहळू झिरपणारी हवा वेगळीच. हलक्या माणसाला ही घट खपून जाते. ज्याचा टायर आधीच भाराने चपटा होतो त्याला ती खपत नाही. दुपारी टायर तापून ३३ दाखवतो म्हणून हवा सोडून देणे मात्र चुकीचे आहे. ती वाढ स्टिकरच्या आकड्यांत गृहीत धरलेली असते.

दोष सांगायचे तर पहिला दोष आमच्यासारख्या घराला नेमका बोचणारा आहे. हा पंप हवा भरतो, पण कमी करू शकत नाही. माझ्यानंतर पुतण्याला गाडी द्यायची असेल तर व्हॉल्व्हची पिन दाबून अंदाजाने हवा सोडायची, पुन्हा पंप जोडून आकडा पाहायचा, आणि जास्त सुटली तर पुन्हा भरायची. काही दिवस आम्ही ही कसरत केली. आता मागच्या टायरमध्ये कायम ३० ठेवतो. पुतण्याला राजवाड्याकडच्या गल्ल्यांमधले खड्डे थोडे अधिक जाणवतात, अशी त्याची तक्रार आहे, पण २८ ऐवजी ३० ने त्याचे काही बिघडत नाही. मी २८ वर फिरण्यापेक्षा त्याने ३० वर फिरणे टायरसाठी अधिक सुरक्षित आहे. पावसाळ्यात मात्र, तो एकटाच गाडी वापरणार असेल त्या आठवड्यात, मी हवा २८ वर आणतो, कारण ओल्या रस्त्यावर त्या हलक्या भाराला ब्रेक लावताना टेकण्याची जागा कमी करून चालत नाही.

दुसरा दोष नळीचा. ती आखूड आहे, आणि मागच्या चाकात व्हॉल्व्ह डिस्क आणि स्प्रॉकेटच्या मध्ये अडकलेला असल्यामुळे चाक नेमके फिरवून व्हॉल्व्ह खाली आणल्याशिवाय टोक बसत नाही. टायर पूर्ण बसलेला असेल आणि शून्यापासून भरावा लागला तर टोकाचा पितळी भाग चटका बसेल इतका तापतो. चार पीएसआय वाढवायला मात्र एक मिनिटही लागत नाही. आवाज मोठा आहे, पहाटे पाच वाजता वाड्याच्या चौकात तो सुरू करणे शेजारधर्माला धरून होणार नाही. ठरवलेल्या आकड्यावर तो आपोआप थांबतो, हा गुण मोठा आहे. एका चार्जमध्ये दोन्ही टायरची नेहमीची भर महिनाभर सहज निघते. पडद्यावर पीएसआय, बार आणि किलो-प्रति-चौरस-सेंटिमीटर अशी एकके बदलता येतात. चुकून एकक बदलले गेले तर काहीतरी भलताच आकडा दिसतो, म्हणून सुरू करताना एकदा तिकडे पाहावे.

वजनदार चालकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट पंपाच्या कक्षेबाहेर आहे, पण त्याच्याशी जोडलेली आहे. मागच्या टायरच्या बाजूवर १००/९०-१७ ५५पी असे लिहिलेले असते. त्यातला ५५ हा भार-निर्देशांक आहे आणि त्याचा अर्थ २१८ किलो. माझ्या मागे माझी पत्नी बसते आणि खंडवा रोडने भेरूघाट उतरून आम्ही ओंकारेश्वरला जातो, तेव्हा वरच्याच हिशेबाने मागच्या टायरवरचा भार २०० किलो ओलांडतो. सामान मागच्या कॅरियरवर बांधले की २१८ ची सीमा दूर राहत नाही. हा २१८ किलोचा भार टायरने पेलावा यासाठी आतला दाबही पुरेसा असावा लागतो, २८ वर ठेवलेल्या टायरकडून ती अपेक्षा करता येत नाही. अशा प्रवासाला आम्ही आदल्या रात्री थंड टायरमध्ये ३२ भरतो, शॉकअपचे स्प्रिंग दोन घरे कडक करतो आणि जड बॅग पाठीमागे न ठेवता टाकीवर ठेवतो, म्हणजे तिचा भार दोन्ही चाकांत विभागतो. गाडीच्या मॅन्युअलमधली एकूण भाराची मर्यादा टायरच्या आकड्याआधीच संपू शकते, तीही पाहून घ्यावी. हवा वाढवून ती मर्यादा वाढत नाही.

पर्यायांचा विचार केला तर पायाने मारायचा पंप निम्म्याहून कमी किमतीत येतो आणि बिघडत नाही, पण त्याच्यावरचा काटा इतका ढोबळ असतो की २८ आणि ३० यांतला फरक त्याच्यावर वाचता येत नाही. हाच फरक तर आपल्याला पाहायचा आहे. मोटारीच्या सॉकेटला जोडायचे कॉम्प्रेसर दुचाकीसाठी गैरसोयीचे. व्हॉल्व्हवर बसवायची दाब दाखवणारी टोपणे भरण्याचे काम करत नाहीत. नायट्रोजनचा खर्च मला पटलेला नाही, साध्या हवेतच अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो.

घरात एकच, सत्तर-पंचाहत्तर किलोचा चालक असेल, तो डबलसीट क्वचित नेत असेल आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला भरवशाचा असेल, तर अडीच हजार रुपये खर्च करण्याची गरज नाही. दोनअडीचशे रुपयांचे चांगले गेज घेऊन सकाळी थंड टायरवर आकडा पाहिला तरी पुरे. नव्वद किलोच्या पुढच्या माणसाने, रोज डबलसीट जाणाऱ्याने किंवा एकाच गाडीवर भिन्न वजनाची माणसे फिरणाऱ्या घराने हा पंप जरूर घ्यावा. स्कूटरसाठी घेत असाल तर वाकडे टोक सोबत मिळते का हे विकत घेण्याआधीच विचारावे, कारण दहा इंची चाकात सरळ टोक व्हॉल्व्हला लागतच नाही आणि ते नंतर वेगळे मिळायला वेळ लागतो.