तेल काढलं एकदाचं!

डोळ्याचा पडदा (रेटिना) सरकला तेव्हा तो जागेवर धरून ठेवायला डोळ्यात भरलेलं सिलिकॉन ऑईल पाच महिन्यांनी काढून घेतलं, त्या आय हॉस्पिटलचा हा रिव्ह्यू. सर्जन एकदम भारी, भूल फक्त डोळ्यापुरती, तासाभरात बाहेर. तेलामुळे प्लसचा मोठा नंबर आलेला तो बराच उतरला, पण मॅक्युला, म्हणजे पडद्याचा बारीक बघायचा मधला भाग, आधीच सुटला होता त्यामुळे दाराची चौकट अजून वाकडीच दिसते, ते काय तेल काढून सरळ होणार नव्हतं. नजर हलवली की तेलाचे एकदोन गोल थेंब तरंगतात, बारीक काळ्या कडेचे, कधीकधी मीच बघत बसतो. राग एकाच गोष्टीचा, तेल काढल्यावर पडदा परत सुटू शकतो हे मला फॉर्मवर सही करताना कळलं, आधी कुणी बोललंच नाही!! एक स्टार कापला.