कासवाचा तयार सेट: ‘ओळखतं हो तुम्हाला’ या दाव्यासकट

नागपुरात फिश टँकच्या दुकानांत जो ‘कासव सेट’ मिळतो, त्याबद्दल हे लिहिणं. ब्रँड कोणताही असो, आतला माल तोच: उथळ प्लॅस्टिकचं भांडं, मधे ताडाचं झाड लावलेलं बेट, मूठभर रंगीत खडे, सुकवलेल्या झिंग्यांची छोटी पुडी आणि दहाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं रेड इअर्ड स्लायडर जातीच्या कासवाचं पिल्लू. सोबत हमी मिळते, ‘महिन्याभरात ओळखायला लागतं, हातावर शांत बसतं.’

शांत बसतं हे खरं आहे, पण ते थंड पडलेलं असतं म्हणून. कासवाला स्वतःच्या शरीरात ऊब तयार करता येत नाही. डिसेंबरात नागपूरची रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा या भांड्यातलं चार बोटं पाणीही तेवढंच गार होतं. मग पिल्लू खात नाही, खाल्लेलं पचत नाही, आणि हातावर घेतलं तर हलत नाही. घरातली मुलं म्हणतात, ‘लाड करून घेतंय.’ त्याच पिल्लाला २६ अंशांच्या पाण्यात आठवडाभर ठेवा. उचललं की पाय झाडतं, नखं मारतं, चावायलाही बघतं. ते निरोगी कासव.

दुसरा गैरसमज पुढच्या पायांचा. पिल्लू पुढचे दोन्ही पाय तोंडासमोर धरून नखं थरथरवतं, त्याला ‘टाटा करतंय’ म्हणतात. स्लायडरमध्ये ती नराची मादीपुढची हालचाल आहे, आणि पिल्लंही आपसात ती करतात. माणसाशी तिचा संबंध नाही.

मग ओळख होते की नाही? होते. काचेशी तुम्ही आलात की ते धडपडत पुढे येतं, कारण तुमची आकृती आणि खाणं यांची सांगड त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते. स्लायडरला रंग चांगले दिसतात, लाल तर नक्कीच. काठीच्या टोकाला लाल मणी लावा, त्याने मण्याला नाक लावलं की लगेच एक दाणा द्या. रोज पाच मिनिटं, खाण्याच्या वेळेआधी. दोन-तीन आठवड्यांत मणी जाईल तिकडे ते जातं, आणि वजन करायला किंवा डोळे तपासायला त्याला पकडावं लागत नाही. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत मगरींनाही असंच शिकवतात. नावाने हाक मारली की हवी ती मगर पुढे येते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणीसंग्रहालयातलं पिगफेस नावाचं नाईल सॉफ्टशेल कासव स्वतःलाच नखांनी ओरबाडून घ्यायचं. चेंडू आणि पाण्याची नळी दिल्यावर ते त्यांच्याशी खेळू लागलं आणि ओरबाडणं कमी झालं. म्हणजे हे प्राणी मठ्ठ नाहीत. पण घाबरलेलं कुत्रं मालकाकडे पळतं आणि घाबरलेलं कासव पाण्यात उडी मारतं, हा फरक लक्षात ठेवायला हवा. कासवाचा विश्वास कुठे दिसतो? ते दिव्याखाली मान लांब काढून, मागचे पाय ताणून, बोटं फाकवून पडलेलं असतं. तुम्ही शेजारून गेलात आणि ते तसंच पडून राहिलं, की तुम्हाला त्याने धोक्यातून वगळलं. एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं.

आणि नेमकी हीच जागा, ऊन शेकायची, या सेटमध्ये नाही. बेटावर ऊब नाही, यूव्हीबी (उन्हात असतात ते अतिनील किरण) देणारा दिवा नाही. यूव्हीबीशिवाय त्वचेत डी३ जीवनसत्त्व बनत नाही, डी३ नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि कवच मऊ पडून वेडंवाकडं वाढतं. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. पाच किंवा दहा टक्क्यांची यूव्हीबी ट्यूब घ्या, शेकायच्या जागेपासून साधारण एक फुटावर लावा, रोज १० ते १२ तास चालू ठेवा. ती उजेड देत असली तरी वर्षाच्या आत बदला, कारण यूव्हीबी आधी संपतं. शेकायच्या जागी ३२ ते ३५ अंश हवेत. पाण्यातल्या हीटरला जाळीचं कव्हर घाला, कासव त्याची काच फोडतं. उन्हाळ्यात उलट काळजी: मे महिन्यात हे भांडं गच्चीवर ठेवलं तर पाणी काही मिनिटांत तापतं आणि पिल्लू शिजतं.

सुक्या झिंग्यांवर वाढवलेल्या पिल्लाचे डोळे सुजून मिटतात. त्यात अ जीवनसत्त्व पुरेसं नसतं. कासवाचे पेलेट (तयार खाण्याचे दाणे) सगळे मिळून त्याच्या डोक्याएवढे होतील इतकेच द्या, जोडीला गाजराचा कीस. पालक नको. कॅल्शियमसाठी महागडी वडी घेऊ नका. जडीबुटीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याची कडक पाठ खरवडून तुकडा पाण्यात सोडा.

जागेचा हिशेब कोणी सांगत नाही. कवचाच्या दर इंचाला जवळपास ३८ लिटर पाणी धरतात. मादी दहा इंचांपर्यंत जाते आणि २० वर्षांहून जास्त जगते. म्हणजे शेवटी चारशे लिटरच्या आसपासची टाकी आणि दणकट फिल्टर. आवाक्याबाहेर गेलं म्हणून फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडणं हा गुन्हा समजा. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत स्लायडर आहे. आणि दुकानदाराने ‘हे नको तर स्टार देतो’ म्हटलं, तर तिथून निघा. तारांकित कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, पाळणं बेकायदा. वनविभागाला १९२६ वर कळवा.

सेटला ५ पैकी १, तोही भांडं पिल्लाचं वजन करायला कामी येतं म्हणून. घरी पिल्लू आलेलंच असेल तर आधी दिवा, मग हीटर, मग टाकी, या क्रमाने पैसे घाला. डोळे मिटलेले किंवा कवच दाबलं जात असेल तर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. नेताना पाण्यात नको, ओल्या कापडावर, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात.