लॅपटॉप + बाहेरचा मॉनिटर, सात महिने वापरल्यानंतर: गेम का अडकत होते

सात महिने झाले गेमिंग लॅपटॉपला २७ इंची १४४०पी १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर लावून, आता मनापासून लिहावंसं वाटतंय कारण पहिला दीड महिना फार त्रासात गेला. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर जो गेम ९०-९५ एफपीएसने (सेकंदाला तितक्या फ्रेम) चालायचा तोच मॉनिटरवर ५० च्या आसपास, आणि आकड्यापेक्षा वाईट म्हणजे कॅमेरा फिरवला की चित्र झटके देत सरकायचं. ड्रायव्हर दोनदा पुसून टाकले, काही फरक नाही.

आधी बघितलं ते रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल आणि १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर पाऊणपट जास्त काम, त्यामुळे एफपीएस पडणारच, हे आधी मान्य करा. मी मॉनिटरवर गेम १०८०पीला लावून बघितला तर आकडा बराच वर आला पण झटके तसेच. म्हणजे अजून काहीतरी होतं.

मग विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये गेलो तर मॉनिटर ६० हर्ट्झवर. शिवाय प्रोजेक्शन डुप्लिकेटवर, दोन वेगळ्या स्क्रीनवर एकच चित्र. ते 'सेकंड स्क्रीन ओन्ली' केलं, १४४ हर्ट्झ निवडलं, निम्मे झटके तिथेच गेले.

उरलेल्याचं कारण सापडलं एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये. तिथे फिजएक्सचं पान आहे, त्यात कुठला पोर्ट कुठल्या चिपला जोडलाय याचं छोटं चित्र दिसतं. माझा मॉनिटर इंटेलच्या खाली! म्हणजे या मॉडेलमध्ये एचडीएमआय पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला, मोठं, म्हणजे एनव्हिडियाचं कार्ड फ्रेम बनवणार, ती सिस्टिम मेमरीतून इंटेलकडे जाणार आणि मग मॉनिटरवर दिसणार. यूएसबी-सी पोर्ट मात्र थेट मोठ्या कार्डाला होता. यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली, लावली, त्याच पानावर मॉनिटर आता कार्डाच्या खाली दिसला, आणि त्या दिवशी खरंच खूप बरं वाटलं. १४४०पीला ६२-६५ एफपीएस, जी-सिंकचा (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवून घेणारी सोय) पर्यायही दिसायला लागला, कॅमेरा फिरवताना चित्र एकदम सलग. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनला बनवलेलं चित्र एआयने मोठं करणारी सोय) क्वालिटीवर ठेवलं की ८० च्या वर जातं. पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे बरोबर उलटं असतं, एचडीएमआय मोठ्या कार्डाला आणि सी इंटेलला, आणि काही सी पोर्टमधून तर व्हिडिओ निघतच नाही, म्हणून केबल घ्यायच्या आधी स्वतःच्या मॉडेलचं बघा. आणि जे डॉक (एका केबलवर बरेच पोर्ट देणारी पेटी) यूएसबीवरून चित्र कॉम्प्रेस करून पाठवतात त्यांचं काम प्रोसेसर करतो, ऑफिसच्या कामाला ठीक पण गेमला ते लावू नका.

झाकणाचं पण सांगतो. मॉनिटर लावला म्हणून मी लॅपटॉप बंद करून बाजूला उभा ठेवायचो, वीसेक मिनिटं झाली की एफपीएस हळूहळू घसरायचे. माझ्या लॅपटॉपला थोडी हवा कीबोर्डमधून आत जाते, झाकण लावलं की ती वाट बंद, गरम झालं की कार्ड स्वतःचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, कमी करतं. झाकण उघडं ठेवून मागची बाजू जरा उचलून ठेवली, तेव्हापासून दोन-दोन तास खेळलो तरी घसरण नाही.

एक तोटा आहे आणि तो आजही आहे: मॉनिटर थेट कार्डाला असल्यामुळे कार्ड कधी झोपतच नाही, नुसतं वाचत बसलो तरी फॅनचा बारीक आवाज येत राहतो आणि चार्जर काढला तर बॅटरी भराभर उतरते. म्हणून लिखाणाचं काम असेल त्या दिवशी मी परत एचडीएमआय लावतो, दोन्ही केबल टेबलावर कायमच्या ठेवल्यात.