जुन्या बीएसए मोटारसायकलचा सिलिंडर बोअर करायचाय, म्हणजे आतून कापून थोडा मोठा करायचाय? जळगावात या
जळगाव एमआयडीसीतले हे लेथवाले काका म्हणजे एक नंबर काम भाऊ! माझी महायुद्धाच्या काळातली बीएसए एम २० घरीच उभी करतोय, ४९६ सीसी साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात), मूळ बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ८२ मिमी. काकांनी आधी नवा ओव्हरसाइज (मूळपेक्षा जरा मोठा) पिस्टन मागितला, मायक्रोमीटरने मोजला, मगच बोअरिंगला हात लावला, आणि असंच पाहिजे. साइड व्हॉल्व्हला एक्झॉस्टच्या बाजूने सिलिंडर जास्त तापतो त्यात आपला खान्देशातला मे महिना, म्हणून क्लिअरन्सवर, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधल्या फटीवर नीट बोलले. होनिंगच्या (बोअरिंगनंतर सिलिंडर आतून दगडाने घासतात त्याच्या) तिरप्या रेघा एकदम एकसारख्या, तेल तिथेच तर धरून राहतं ना. वेळ लावतात, घाई असेल तर नका जाऊ. आणि सिलिंडर उतरवताना व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश) मापाचेच पाने वापरा, मिमीच्या पान्याने नट गोल होतात.